गर्भाशय काढण्याआधी रक्ताची तपासणी का नाही?

बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांच्या काळात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली, ही माहिती जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली आणि राज्यात खळबळ उडाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले.

या प्रकरणाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. एक, खासगी डॉक्टरांचा आर्थिक स्वार्थ आणि दुसरे, मुकादमाच्या उचलीखाली दबलेल्या ‘कोयत्या’ची अगतिकता. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर खाडा पडतो आणि दंड भरावा लागतो. त्यामुळे ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला या स्त्रियांना सुटकेसारखा वाटला. ही दोन्ही कारणे खरीच आहेत. मात्र एक साधा वैद्यकीय प्रश्न या गदारोळात मागे पडला. अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचा गर्भाशय काढण्यापूर्वी त्या रक्तस्रावाचे कारण शोधले गेले होते काय?

कारण गर्भाशयाबाहेरही असू शकते

पाळीत अति रक्तस्राव होण्याच्या कारणांत थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया हे एक मान्यताप्राप्त कारण आहे. मानेच्या पुढील भागात असलेली ही ग्रंथी टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके तयार करते. तिला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते. थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढते. म्हणूनच रक्तातील टीएसएच मोजणे ही पहिली आणि सर्वांत संवेदनशील तपासणी मानली जाते. थायरॉइडच्या कमतरतेमुळे अंडोत्सर्गात व्यत्यय येतो, रक्त गोठण्याच्या प्रक्रियेवरही परिणाम होऊ शकतो, आणि पाळी अनियमित किंवा अति होते. योग्य मात्रेत गोळी सुरू केल्यावर अशा अनेक रुग्णांचा त्रास आटोक्यात येतो.

बीडमधील सर्वच स्त्रियांच्या त्रासाचे मूळ थायरॉइडमध्ये होते, असा दावा कोणी करणार नाही. गाठी, जंतुसंसर्ग, रक्तक्षय अशी कारणे असतातच. तथापि थकवा, सूज, बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे अशी लक्षणे जोडीला असताना रक्ताच्या एका नमुन्याने जी शक्यता पडताळता येते, ती न पडताळता अवयव कायमचा काढून टाकणे समर्थनीय ठरत नाही. त्यातही अडचण अशी, की पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईचा थकवा हा आजार म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५,३७६ प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांना थायरॉइडची कमतरता असल्याचे दिसले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांना तपासणीपूर्वी त्याची कल्पनाही नव्हती. किनाऱ्यापासून दूरच्या शहरांत प्रमाण अधिक होते. हा अभ्यास शहरांपुरता होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. जिथे डॉक्टर आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे ही स्थिती आहे.

तपासणीनंतरचा प्रश्न

गेवराईत उपजिल्हा रुग्णालय आहे. शासकीय दवाखान्यांतील नमुने मोफत तपासणारी ‘महालॅब’ योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. टीएसएचसाठी उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेल्या स्त्रीचाही नमुना घेता येतो. तेव्हा साधनांचा अभाव हे कारण पुरेसे नाही.

खरी कसोटी पुढे आहे. टीएसएच थोडेच वाढलेले असेल तर लगेच औषध देण्याऐवजी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. औषध सुरू केल्यास सहा ते आठ आठवड्यांनी मात्रा बरोबर आहे की नाही, हे पाहावे लागते. गोळी रोज सकाळी अनशापोटी घ्यायची असते. रक्तक्षयावर दिली जाणारी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतल्यास ती नीट शोषली जात नाही, म्हणून दोहोंत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. दिवाळीपूर्वी गेवराईत निदान झालेली स्त्री आठ आठवड्यांनी सांगली किंवा बेळगावच्या फडात असते. तिथे तिचा अहवाल कोण पाहणार? गोळ्या कोण देणार?

याचा अर्थ सरसकट सर्वांची तपासणी करावी, असा नव्हे. शहरांत ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या नावाखाली लक्षणे नसलेल्यांचेही टीएसएच काढले जाते आणि किरकोळ वाढीवर आयुष्यभराची गोळी सुरू होते. एकीकडे गरज नसताना तपासणी आणि दुसरीकडे शस्त्रक्रियेपूर्वीही नाही, अशी ही विसंगती आहे.

उपाय खर्चिक नाहीत. गर्भाशय काढण्याच्या परवानगीसाठी येणाऱ्या प्रस्तावात रक्तस्रावाचे कारण शोधण्यासाठी केलेल्या तपासण्यांची नोंद सक्तीची करता येईल आणि लक्षणे असतील तिथे त्यात टीएसएचचा समावेश करता येईल. हंगामाला निघण्यापूर्वीच्या आरोग्य तपासणीत निदान झालेल्या स्त्रीला सहा महिन्यांच्या गोळ्या आणि कोणत्याही जिल्ह्यात चालेल असे आरोग्यपत्र देता येईल. फेरतपासणीची जबाबदारी कारखाना असलेल्या भागातील शासकीय दवाखान्यावर सोपवता येईल. परवानगीचा शिक्का आकडे खाली आणू शकतो, पण स्त्रीचा रक्तस्राव थांबवू शकत नाही. त्यासाठी आधी त्याचे कारण शोधावे लागेल, आणि त्या शोधाची सुरुवात गेवराईच्याच रुग्णालयात होऊ शकते.