शास्त्रज्ञांनी गप्प बसावे काय?

शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा सांभाळावी, राजकारणात पडू नये, असे म्हणतात. पण राजकारणच विज्ञानाच्या दारात आले तर? २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, तेव्हा डॉ. जयंत नारळीकरांनी विरोध केला. पुढे २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींसह चाचणीच घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. कोणती कोणाची, ते ज्योतिष्यांनी ओळखायचे. सत्तावीस जणांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही पन्नास येतात!

विज्ञानलेखकाने पक्षाचा झेंडा घेऊ नये, हे खरेच. मात्र सरकार कोणाचेही असो, त्याचा निर्णय पुराव्याला सोडून होत असेल, तर तसे स्पष्ट सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे.