विंचवाच्या विषावर गोळीचा उतारा

संशोधन म्हटले की बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधील काचेच्या उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण कोकणात कितीतरी जीव वाचवणारे संशोधन सुरू झाले ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात!

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट मुले घामाने भिजत आणि फुप्फुसांत पाणी होऊन दगावत. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिले. विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन गोळी दिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. १९८४ नंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत गोळीला प्रतिविषाची जोड दिली, तेव्हा ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या गोळीवर ८ जण. डॉक्टरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मात्र ही गोळी घरच्या घरी देऊ नका. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे दिसले, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता सरळ दवाखाना गाठा.