प्रशिक्षकांचे नातेवाईक आणि संघनिवड : पुण्याच्या फुटबॉलप्रेमींचे निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (विफा),
मुंबई.

विषय : जिल्हा व राज्य संघांच्या प्रशिक्षकवर्गात मुख्य प्रशिक्षकाच्या नातेवाइकाची नेमणूक होताना पाळावयाचे नियम लेखी स्वरूपात लागू करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे शहरातील फुटबॉलप्रेमी, माजी खेळाडू आणि वयोगटांच्या संघांत खेळणाऱ्या मुलामुलींचे पालक आहोत. एसएसपीएमएसच्या मैदानावर लीगचे सामने उन्हात उभे राहून पाहणारे आमच्यात आहेत, तसेच बालेवाडीला एके काळी नारिंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडलेलेही आहेत.

मुख्य प्रशिक्षकाने आपला मुलगा, भाऊ किंवा मेहुणा सहायक म्हणून घ्यावा का, या प्रश्नावर आमच्यात सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, हरल्यावर नोकरी कोचचीच जाते, तर भरवशाचा माणूस निवडायचा अधिकारही त्यालाच हवा. दुसरा म्हणतो, घरच्याला घेतले की ‘आपला तो बाळ्या’ सुरू झालाच म्हणून समजा. सह्या गोळा करतानाही हा वाद चालूच होता आणि आजही तो मिटलेला नाही. ज्या मुद्द्यांवर दोन्ही तटांचे एकमत झाले, तेवढेच या निवेदनात मांडले आहेत. ही कोणा एका संघाविरुद्धची किंवा व्यक्तीविरुद्धची तक्रार नाही, हे आरंभीच नमूद करतो.

पहिल्या तटाची बाजू हलकी नाही. कार्लो अँचेलोटी २०२१ ते २०२५ या काळात रेआल माद्रिदचे प्रशिक्षक होते, तेव्हा त्यांचा मुलगा दाविदे त्यांचा सहायक होता. त्याच काळात संघाने २०२२ आणि २०२४ अशी दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकली. रोनाल्ड कोमान २०१४ मध्ये साउथॅम्प्टनला गेले, तेव्हा थोरले बंधू एर्विन सहायक म्हणून सोबत आले. एर्विन यांनी त्याआधी फेयेनूर्द आणि हंगेरीचा राष्ट्रीय संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून सांभाळला होता, त्यामुळे त्यांना वशिल्याचे तट्टू म्हणणे कोणालाही जड गेले असते. २०१८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक बेर्ट व्हॅन मारवाइक यांच्या मदतीला त्यांचे जावई मार्क व्हॅन बॉमेल होते. ते स्वतः २०१० च्या विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेले. नाते आहे म्हणून माणूस नालायक ठरत नाही, हे आम्हा सर्वांना मान्य आहे.

तरीही संशय का येतो, याचे उत्तम उदाहरण लंडनच्या वेस्ट हॅम क्लबचे आहे. १९९४ ते २००१ या काळात तिथे हॅरी रेडनॅप मुख्य प्रशिक्षक होते आणि थोरले फ्रँक लॅम्पार्ड त्यांचे सहायक. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे हे दोघे साडू. लॅम्पार्ड यांचा मुलगा, धाकटा फ्रँक, त्याच संघात नव्याने खेळू लागला होता. १९९६ मध्ये क्लबने चाहत्यांची सभा ठेवली. तिथे एका चाहत्याने उठून तोंडावर विचारले की हा मुलगा अजून तयार नसताना त्याला पुढे का ढकलले जात आहे आणि त्याच्यापेक्षा बऱ्या पोराला क्लबने का जाऊ दिले. मुलगा तिथेच बसलेला होता. हा मुलगा अगदी वरपर्यंत जाणार, असे रेडनॅप यांनी ठासून सांगितले आणि ते खरे ठरले. धाकटा लॅम्पार्ड पुढे चेल्सीकडून २११ गोल करून त्या क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला आणि इंग्लंडकडून १०६ सामने खेळला.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी त्या चाहत्याला हसतात. आम्हाला मात्र त्याचा प्रश्न रास्त वाटतो. मावशीचे यजमान प्रशिक्षक, वडील सहायक आणि भाचा मैदानात. निवड गुणांवर झाली हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखायचे? क्लबपाशी दाखवायला एक कागदही नव्हता, होता तो फक्त रेडनॅप यांचा शब्द. आणि त्या शब्दाची शहानिशा व्हायला पुढची दहा वर्षे जावी लागली, ती सर्वस्वी त्या मुलाच्या जिवावर.

आपल्याकडचा दाखला क्रिकेटचा आहे. सुनील गावसकर १९६८-६९ च्या मोसमात मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळले आणि शून्यावर बाद झाले. त्यांचे मामा माधव मंत्री तेव्हा मुंबईच्या निवड समितीवर होते. मामामुळे संघात आला, असे टोमणे प्रेक्षकांतून आले. पुढच्याच सामन्यात गावसकरांनी राजस्थानविरुद्ध ११४ धावा केल्या. सगळ्याच भाच्यांना दुसऱ्या सामन्यात शतक ठोकून तोंडे बंद करता येत नाहीत. पारदर्शक पद्धत नसली की बाहेरच्या खेळाडूवर अन्याय होतो हे उघड आहे; पण नात्यातला खेळाडू खरोखर गुणी असेल, तर तोही आयुष्यभर तो शिक्का घेऊन फिरतो.

हे सारे पुण्यात का मांडायचे, ते सांगतो. २०१४-१५ च्या मोसमात या एका शहरात पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी असे तीन मोठे संघ होते. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगची उपविजेती होती. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये तोही संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. वरचा मजलाच कोसळला. आज पुण्याच्या मुलाला पुढे जायचे तर वाट एकच आहे : स्थानिक लीग, खासगी अकादमी, मग जिल्हा संघ आणि राज्य संघ. या वाटेवर नाती पावलोपावली आहेत. वडील कोच, मुलगा सहायक, आई नोंदणीची रजिस्टरे आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळते, अशा घरांनीच पुण्याचे फुटबॉल जिवंत ठेवले आहे. कित्येक संघांना सहायकाला मानधन द्यायला पैसे नसतात, म्हणून घरचाच माणूस उभा राहतो. त्यांच्या पायात बेडी घालावी, असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

प्रश्न येतो तो निवड चाचणीच्या दिवशी. बाहेरून पाहणाऱ्याला सहायक म्हणजे कोन मांडणारा आणि शिट्टी फुंकणारा माणूस वाटतो. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे मुले आली की मुख्य प्रशिक्षकाला सगळ्यांकडे पाहणे शक्यच नसते. कोणाला कोणत्या गटात खेळवायचे, डावखुऱ्या मुलाला उजव्या बाजूला उभे करायचे का, कोणाला वीस मिनिटे द्यायची आणि कोणाला सात, हे सहायक ठरवतो. संध्याकाळी मुख्य प्रशिक्षकाच्या हाती येतो तो सहायकाने लिहिलेला कागद.

आमच्यापैकी काही पालकांनी शहरातील एका वयोगट चाचणीत असा कागद जवळून पाहिला. वहीचे फाडलेले पान, त्यावर बिबचे नंबर आणि काही नंबरांपुढे पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण. गुण नाहीत, शेरा नाही, सही नाही. खुणा करणारा सहायक हा मुख्य प्रशिक्षकाचा मेहुणा आहे आणि निवडलेल्यांपैकी काही मुले त्याच्याच खासगी अकादमीत शिकतात, हे पालकांना निकालानंतर चहाच्या टपरीवर कळले. त्या मुलांपैकी निदान दोघे निर्विवाद चांगले होते, हे आमच्यातले माजी खेळाडू आजही मान्य करतात. पण त्या दिवसापासून मैदानावर त्यांना ‘मेहुण्याची पोरे’ हेच नाव पडले. संबंधितांची नावे आम्ही येथे देत नाही, कारण नाव बदलून हीच घटना इतरत्र सांगणारे पालकही आम्हाला भेटले आहेत.

या खुणेची किंमत महाराष्ट्रात फार मोठी आहे. स्पर्धेतल्या सहभागावर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. वरच्या पातळीवरच्या कामगिरीच्या प्रमाणपत्रावर शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा दावा करता येतो. रेआल माद्रिदच्या बाकावर कोणाचा मुलगा बसतो, यावर कोणाची सरकारी नोकरी ठरत नाही. आपल्याकडे पेन्सिलीची एक खूण पुढे एखाद्या घराच्या भाकरीपर्यंत जाऊ शकते.

नियम अगदीच नाहीत असे नाही. फिफाच्या नीतिसंहितेत प्रशिक्षकही ‘पदाधिकारी’ या व्याख्येत येतो आणि हितसंबंधांचा संघर्ष असेल तर तो उघड करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. लोढा समितीच्या शिफारशींनंतर भारतीय क्रिकेट मंडळाने २०१८ च्या घटनेत याच विषयावर स्वतंत्र नियम घातला आणि नीती अधिकारी नेमला. टेबल टेनिसमध्ये मनिका बत्राने राष्ट्रीय प्रशिक्षकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्या प्रशिक्षकाची स्वतःची खासगी अकादमी होती, हा त्या वादाचा गाभा होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे सोपवला. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. दिल्लीत एवढे घडूनही धोबीघाटच्या मैदानावर चाचणीला आलेल्या मुलाच्या हाती यातले काही पडत नाही. मधली कडी विफाची आहे, म्हणून हे निवेदन आपल्याकडे.

आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी लेखी घोषणापत्राची आहे. जिल्हा किंवा राज्य संघाशी संबंधित मुख्य प्रशिक्षक, सहायक, गोलरक्षक प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि निवड समितीचे सदस्य यांनी चाचणीपूर्वी आपसांतील नाती लिहून द्यावीत. ‘जवळचे नातेवाईक’ एवढे मोघम लिहून भागणार नाही, कारण आपल्याकडे नात्यांतून पळवाटा पुष्कळ निघतात. पती-पत्नी, मुले, भावंडे यांबरोबर जावई, सून, मेहुणे, साडू, व्याही, भाचे-पुतणे यांचाही स्पष्ट उल्लेख त्यात असावा. अकादमीतील भागीदारी आणि चाचणीला आलेल्यांपैकी स्वतःच्या अकादमीतले खेळाडू कोण, हेही त्यातच लिहावे. पुष्कळदा फीचे नाते रक्ताच्या नात्याहून घट्ट असते. घोषणापत्र संघटनेच्या संकेतस्थळावर आणि चाचणीच्या दिवशी मैदानावरील फलकावर लावावे. खोटी किंवा अपुरी माहिती देणाऱ्यास त्या मोसमापुरते संघाच्या कामातून दूर ठेवावे.

दुसरे, नेमणुकीबाबत. जिल्हा व राज्य संघाच्या सहायकाचे पद, त्यासाठी लागणारा परवाना आणि मानधन आधी जाहीर करावे. मुख्य प्रशिक्षकाला नाव सुचवायचा पूर्ण अधिकार असावा, नातेवाइकाचेही. मात्र ते नाव नात्यातले असेल तर निर्णय तीन सदस्यांच्या समितीने घ्यावा आणि मोसमाअखेरीस त्या सहायकाच्या कामाचे मूल्यमापनही मुख्य प्रशिक्षकाने करू नये. परवान्याची अट नातेवाइकासाठी एका पायरीनेही सैल करू नये. एवढे पाळले गेले, तर कोचच्या मुलाने सहायक व्हायला आमच्या दुसऱ्या तटाचीही हरकत नाही.

तिसरे, वहीचे फाडलेले पान बंद व्हावे. चाचणीसाठी छापील गुणपत्रक असावे, त्यावर किमान दोघांनी स्वतंत्रपणे गुण भरून सही करावी आणि पालकाने मागितल्यास आपल्या पाल्याचे गुण त्याला दाखवावेत. नात्यातील किंवा स्वतःच्या अकादमीतील खेळाडू मैदानात असेल, तेव्हा संबंधिताने गुण देऊ नयेत आणि चर्चेतूनही बाहेर राहावे. रॉजर बिन्नी राष्ट्रीय निवड समितीवर असताना मुलगा स्टुअर्टच्या नावाची चर्चा आली की बैठकीतून बाहेर जात, हे सर्वश्रुत आहे. खोलीबाहेर जाऊन बसायला निधी लागत नाही.

चौथी मागणी तक्रारीची. आज पालक बोलत नाहीत, कारण तक्रार केली की पोरगा बाकावर बसतो. पुणे जिल्ह्यासाठी संघनिवडीशी संबंध नसलेली एक व्यक्ती तक्रार अधिकारी म्हणून नेमावी, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे आणि १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. बिनबुडाची तक्रार करणाऱ्यालाही तसे लेखी कळवावे. चाहत्यांची जीभ सैल असते, हे आम्ही स्वतः चाहते असल्यामुळे जाणतो.

खासगी क्लब आणि कुटुंबांनी चालवलेल्या अकादमींना नेमणुकीचे हे नियम लावू नयेत. त्यांच्याकडून फक्त घोषणापत्र घ्यावे. आज काम करत असलेल्या कोणाही नातेवाईक सहायकाला पदावरून काढावे, अशीही आमची मागणी नाही.

पुढील मोसमाच्या जिल्हा निवड चाचण्या जाहीर होण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय व्हावा. त्यासाठी पुण्यात एक बैठक बोलवावी आणि तिला प्रशिक्षकांनाही बोलवावे, कारण त्यांची बाजू ऐकल्याशिवाय केलेला नियम मैदानावर टिकणार नाही. निवेदन मिळाल्यापासून ३० दिवसांत आम्हाला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील फुटबॉलप्रेमी, माजी खेळाडू व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, बालेवाडी, पुणे.
मा. सचिव, पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशन, पुणे.