माफी कुणाला? देणं कुणाचं?

फणसवाडीत बालाजीच्या देवळापाशी परवा एकानं माझ्या हातात पत्रक कोंबलं. आत छापलेलं : तू पापी आहेस, तुझी लायकी नाही, तरीही देव तुला फुकटात क्षमा करतो. हीच त्याची कृपा.

मी तिथंच हसलो. दोस्तांनो, 'तुझी लायकी नाही' हे सांगायला आभाळातनं देव कशाला यायला पाहिजे? मनूनं सांगितलं, गावच्या पाटलानं सांगितलं, गोदीतला मुकादम रोज सांगतो.

पण टर उडवून भागत नाही. मिशनऱ्यांची पाटी-पेन्सिल मी नाकारत नाही. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. याच गिरगावात १८३२ साली जॉन विल्सननं आंब्रोलीची शाळा काढली. नगरकडे आमच्याच महार-मांग भावंडांनी येशूचा हात धरला, कारण माणूस म्हणून हाक मारणारं त्यांना दुसरं होतं कोण? त्यांना हसणारा मी कोण! म्हणून पत्रक फाडलं नाही. नवा करार मिळवला आणि वाचला.

त्यात द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मालक सकाळी नाक्यावरून मजूर नेतो, दुपारी नेतो, दिवस कलताना आणखी नेतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच पूर्ण दिवसाची मजुरी. सकाळचे कुरकुरतात. पाद्री म्हणतो, बघा, कमावलं नव्हतं तरी मिळालं, ही कृपा! मी गोदी कामगार, मी ते वेगळं वाचतो. उशिरापर्यंत उभे राहिलेले मालकाला सांगतात की त्यांना कुणी कामावर लावलंच नाही. मग यात त्यांचं पाप कुठलं? नाक्यावर उभं राहूनही पाय मोडतात. आणि पोट काय तासावर असतं? ते पूर्ण दिवसाचंच असतं. ती मजुरी त्यांचा हक्क होता. मालकानं तो ओळखला, एवढंच.

आम्ही शेकडो वर्षं तसेच नाक्यावर उभे. विहीर बंद, शाळा बंद, देऊळ बंद. आम्ही कुणाचं काय खाल्लं म्हणून आम्हाला माफी? कृपा लागते ती पाप्याला. पापी तो, ज्यानं १९२७ साली महाडला आमची डोकी फोडली आणि वर चवदार तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं.

त्याला करा ना क्षमा! पण आधी जक्कय वाचा. जकात वसूल करून गबर झालेला इसम. येशू लायकी न बघता त्याच्या घरी गेला. मग जक्कयनं काय केलं? अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत. ही कृपा मला कळते. परत काहीच न देता मिळालेली माफी म्हणजे कर्जबुडव्यानं स्वतःच स्वतःला लिहून दिलेली पावती.

आणि चर्चनं काय परत केलं? तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती कबरस्तानात मढ्यांच्या मधेसुद्धा जातीची भिंत उभी राहिली. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. दलित संख्येनं जास्त, पण नेतृत्वात औषधापुरते. सरकार त्याहून बिलंदर. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं सवलत धुतली, जात काही धुतली नाही.

बाबासाहेबांनी दाखवलेला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. तिथं माफ करणारा कुणी बसलेला नाही, त्यामुळे गुन्हेगारासारखं गुडघे टेकणंही नाही. वाट त्यानं दाखवायची, चालायचं आपण.

दलित ख्रिस्ती भावांनो, तुमचा येशू तुमच्याजवळ असू द्या. त्याच्याशी आमचं भांडण नाही, तो नाक्यावरच्या माणसाच्या बाजूचाच दिसतो. पण आता गुडघ्यांवरून उठा आणि चौपट मागा. आधी बिशपाकडे, मग दिल्लीकडे. मागायला आम्ही तुमच्या बरोबर येतो.

माफी ज्यांना हवी त्यांनी ती घ्यावी. आम्हाला आमचा हिशेब पाहिजे.