फोटोतल्या वस्तूंचे जाणकार कबनुरातच आहेत

चाकाजवळ बसलेली बाई दिसली की तिला चरखेवाली म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटो-पोस्टकार्डांवर अशा बाया दिसतात आणि कार्ड जमवणारे हौशी लोक ‘सूतकताई’ अशी नोंद करून मोकळे होतात. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरच्या माणसानं तरी ही घाई करू नये. आधी त्या बाईचे हात पाहावेत. एका हातात कापसाचा पेळू असेल, तर ती सूत कातते आहे. शेजारी फाळक्यावर सुताची लड चढवलेली असेल, तर कताई केव्हाच झाली; ती मागासाठी कांडी भरते आहे. पहिलं काम सुताचं, दुसरं कापडाचं. चाक तेवढं सारखं.

मागाचंही तसंच. विणकराच्या समोर वरून दोरी लोंबते का, तिला मूठ आहे का, हात्याच्या दोन्ही टोकांना धोट्याच्या पेट्या आहेत का, हे बघा. असतील तर तो झटक्याचा माग. नसतील, तर धोटा या हातातून त्या हातात फेकायची जुनी रीत. झटक्याच्या धोट्याचं पेटंट जॉन के या इंग्रजानं १७३३ साली घेतलं होतं. आपल्याकडे तो पसरला मुख्यतः विसाव्या शतकात.

वस्तू जुनी म्हणून फोटो जुना, हा दुसरा गैरसमज. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, तरी घरातला शेर आणि पायली धान्याच्या कणगीजवळच राहिली. तेव्हा फोटोत शेर दिसला म्हणून तो १९५६ पूर्वीचा ठरत नाही. काळ ठरवायचा तर फोटोतली सगळ्यांत नवी वस्तू शोधावी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला १९०४ साली. गावातल्या फोटोत यंत्रमाग दिसला, की तो त्याआधीचा नाही एवढं नक्की.

कार्डाची पाठही बोलते. मजकूर आणि पत्ता एकाच बाजूला लिहिण्याची मुभा ब्रिटननं १९०२ साली दिली आणि मग इतर देश त्या वाटेनं गेले. त्याआधी ती बाजू फक्त पत्त्याची. खुशाली चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहिलेली असायची. रंगांवर मात्र विसंबू नका. त्या काळातली बरीच भारतीय कार्डं जर्मनीत छापून येत. लुगड्याचा रंग तिथल्या कारागिरानं ठरवलेला असू शकतो. चित्राखालची इंग्रजी ओळही विकणाऱ्याच्या सोयीची असते. तिला धोटा, फणी, हात्या यांच्याशी देणंघेणं नसतं.

मग विचारायचं कोणाला? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, घरगुती वस्तू डोळे भरून पाहता येतात. कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात वस्तूबरोबर ती वापरणारा माणूसही पुतळ्यात दाखवला आहे. ओळख पटवायला ही दुसरी मांडणी मला अधिक उपयोगी वाटते, कारण अवजार कसं धरायचं हे कळलं की त्याचं काम कळतं. पण या दोन्हींच्या आधी आपल्याच गल्लीत जावं. निवृत्त जॉबर, वहिफणी करणारे, आयुष्यभर कांड्या भरलेल्या बाया यांना नुसता फोटो दाखवा. अभ्यासकाला भिंग लावून दिसत नाही, ते त्यांना बसल्या जागी दिसतं.

हे आताच करायला हवं. रेपियर आणि एअरजेट मागांना धोटा लागतच नाही. आज कबनुरातल्या पोरालाही माहीत असलेला धोटा आणखी तीस वर्षांनी ‘लाकडी होडीसारखी वस्तू’ म्हणून नोंदला जाईल, अशी लक्षणं आहेत.

तेव्हा घरातली जुनी कार्डं आणि फोटो काढा. जाणत्या माणसाजवळ बसा. वस्तूचं नाव त्यांच्या तोंडी जसं येईल तसंच लिहा. सोबत ती कशाला लागायची, कोणी सांगितलं आणि कधी, एवढं टिपा. बॉलपेन वापरू नका. मऊ पेन्सिलीनं वेगळ्या कागदावर लिहून तो कार्डाबरोबर पाकिटात ठेवा. पुढच्या पिढीला चित्र वाचता येईल ते या चिठ्ठीमुळंच.