चार्जशीट वाचली, माणूस गेला



महागाई भत्ता, बोनस, रिक्त जागा, पेन्शन यांवर आपण या पानांत नेहमीच लिहितो. आज मी दारूवर लिहिणार आहे. काही साथी म्हणतील, हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न, युनियनचा काय संबंध? हे उत्तर त्यांच्यासाठीच आहे.

आमच्या शाखेत एक पॉइंट्समन होता. दारूपायी आठ-आठ दिवस गैरहजर राहायचा. तीनदा चार्जशीट मिळाली आणि तिन्ही वेळा मी डिफेन्स हेल्पर म्हणून उभा राहिलो. नोकरी वाचली तेव्हा आम्ही पेढे वाटले. वर्षभरात त्याची बायको अनुकंपा नोकरीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे उभी राहिली. मी कागद वाचवला होता, माणूस नाही. तिने मला बोल लावला नाही, पण तो अर्ज भरताना माझा हात थरथरत होता.

त्यानंतर काही महिन्यांनी बैठकीसाठी दिल्लीला गेलो. संध्याकाळी आम्ही चौघे कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे महाराष्ट्र सदन पाहायला गेलो. परतताना आमच्यातला एक लोको पायलट घड्याळ पाहून म्हणाला, "भाऊ, मला सातच्या मीटिंगला जायचंय."

मी म्हटलं, "मीटिंग तर संपली की!"

"आपली संपली. माझी व्हायची आहे."

तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेबद्दल बोलत होता. दारू सोडून त्याला चार वर्षे झाली होती आणि हे मला, त्याच्या सेक्रेटरीला, त्या फुटपाथवर कळले! गाडीतूनच तीन फोन करून त्याने पत्ता मिळवला होता. त्या दिवशीची सभा सर्वांना खुली होती, म्हणून मीही त्याच्याबरोबर गेलो.

साधी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. तिथे कोण होते ते सांगणार नाही, तो तिथला नियम आहे. एवढेच सांगतो, की साहेब आणि शिपाई शेजारी बसले होते आणि कोणी कोणाची लेव्हल विचारत नव्हता. फी नाही, अर्ज नाही, उपदेश नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकेक जण उठून आपली हकिगत सांगत होता आणि बाकीचे मुकाट्याने ऐकत होते. जन्मभराची शपथ कोणी घेत नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांच्या आधाराने उभे राहिले, तिथून ही चळवळ जगभर गेली. एकट्याने जमत नाही ते जोडीने जमते. बंधूंनो, युनियन म्हणजे तरी दुसरे काय आहे?

आता प्रशासनाला विचारतो. पिऊन ड्युटी करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्याच्या हाती शेकडो प्रवाशांचा जीव असतो. साइन ऑनला ब्रेथलायझर हवाच, १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १७२ हवेच. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांना आजार मानले आहे, ते कुठे गेले? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असे तो सांगतो. उरलेल्या ३७ जणांना काय मिळते? आपल्या खात्यात तरी चार्जशीट मिळते!

सभा ठरल्या वारी, ठरल्या वेळी असते. लोको पायलटला आज रात्री कुठे मुक्काम ते सकाळी ठाऊक नसते. पोस्टातला सॉर्टर रात्रपाळीत अडकलेला. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी मिळाली तर माणूस वाचतो, आणि ती संध्याकाळ रोस्टर देत नाही. हा खासगी प्रश्न आहे काय?

दोष आपलाही आहे. प्रमोशनची पार्टी, निवृत्तीची पार्टी, निवडणुकीचा गुलाल, बाटलीशिवाय आपले काय पार पडते? सोडलेल्याला आपणच "एक घे रे" म्हणतो. तीन फोन करून एका माणसाने परक्या शहरात जो पत्ता शोधला, तो आपल्या एकाही शाखेच्या फलकावर नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. जवळच्या सभेचा वार, वेळ, पत्ता आणि व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ फलकावर लावावी. नवीन माणसाबरोबर पहिल्या दिवशी कोणीतरी जावे, कारण पहिल्यांदा ते दार एकट्याने उघडवत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला मात्र आधी डॉक्टरकडे न्यावे. एकदम सोडली तर फिट येऊन जीवही जाऊ शकतो. आणि बाई एकटी पडली असेल तर तिला अल-अनॉनची वाट दाखवावी. त्या सभा घरच्यांसाठीच असतात.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला पैसा दिला. लेखक, डॉक्टर पुढे आले. आपण कामगार मागे का?

प्रशासनाकडे आपली मागणी एकच: उपचारासाठी रजा आणि सभेसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ, लेखी. पुढची चार्जशीट वाचवायला मी पुन्हा उभा राहीन. पण त्याआधी त्या भावाला हाताला धरून सभेच्या दारापर्यंत नेईन.

कामगार एकजूट झिंदाबाद!