तरुणांची खुबेदुखी : विमा शस्त्रक्रियेला, निदान मात्र स्वखर्चाने

नवी दिल्ली : तिशी-चाळिशीतील रुग्णाचा खुबा सतत दुखू लागला, तर त्याच्यापुढे कोणते उपचार उरतील, हे बहुतांशी निदान किती लवकर झाले यावर ठरते. सार्वजनिक आरोग्यविम्याचा पैसा मात्र या दुखण्याच्या अखेरच्या टप्प्यावर, म्हणजे सांधेरोपणावर खर्च होतो. कोविड साथीनंतर ही विसंगती अधिक ठळक झाली आहे.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत फिरते. या टोकाचा रक्तपुरवठा खंडित झाला की हाड मृत होऊ लागते आणि कालांतराने खचते. ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ किंवा ‘एव्हीएन’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार भारतात तरुण वयातील सांधेरोपणाचे एक प्रमुख कारण आहे. स्टेरॉइडचा वापर, अतिमद्यपान, खुब्याला झालेली इजा आणि सिकलसेल ही त्याची ज्ञात कारणे आहेत.

कोविडनंतरचा इशारा

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात कोविडमधून बरे झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन मिळाले होते. एव्हीएनला कारणीभूत ठरणारी मात्रा वैद्यकीय साहित्यात सुमारे २,००० मिलिग्रॅम मानली जाते. लक्षणेही कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच दिसली. एरवी त्यासाठी सहा महिने ते वर्ष लागते. तीन रुग्णांवरून ठाम निष्कर्ष निघत नाही, परंतु इशारा स्पष्ट होता. सौम्य आजारात स्टेरॉइड घेऊ नयेत, असे ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही मे २०२१ मध्ये बजावले होते.

दुसरा जोखमीचा गट सिकलसेलग्रस्तांचा आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात आणि ओडिशातील आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. निदान झालेल्यांच्या खुब्याची नियमित विचारपूस या तपासणीला जोडली गेली, तर अनेकांचा सांधा वेळेत वाचू शकेल.

पर्याय कोणते?

या विकारात वेदना बहुधा जांघेत जाणवते, तर कधी केवळ गुडघ्यात. त्यामुळे उपचार कंबरेवर किंवा गुडघ्यावर होत राहतात. सुरुवातीच्या टप्प्यात क्ष-किरण प्रतिमा निर्दोष दिसू शकते. बिघाड एमआरआयमध्येच कळतो. हाड खचण्यापूर्वी निदान झाल्यास हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करणारी ‘कोअर डिकम्प्रेशन’ शस्त्रक्रिया करता येते. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधेही दिली जातात, मात्र त्यांच्या परिणामाबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. हाड खचल्यानंतर हे मार्ग जवळपास बंद होतात.

प्रत्येक खुबेदुखी एव्हीएनची नसते. हाडाच्या आकारातील दोषामुळे सांध्यात घर्षण होत असेल, तर प्रथम व्यायामोपचार दिले जातात. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ वर्षअखेरीस व्यायामोपचारांपेक्षा अधिक, पण माफक आढळला. ‘लॅन्सेट’ने २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्मतः उथळ असलेली खोबणी कापून योग्य दिशेने फिरवण्याची शस्त्रक्रिया स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९८० च्या दशकात विकसित झाली. तीही कूर्चा झिजण्यापूर्वी केली तरच उपयोगी पडते.

सांधेरोपणामुळे वेदना प्रभावीपणे थांबते. प्रश्न टिकाऊपणाचा आहे. ऑस्ट्रेलिया व फिनलंडमधील नोंदणीच्या आधारे ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. ब्रिटनमधील २०१७ च्या अभ्यासात सत्तरीनंतर रोपण केलेल्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता दिसली; पन्नाशीच्या सुरुवातीला रोपण केलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत होती. पस्तिशीतील रुग्णाने पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार आधीच करायला हवा, असा त्याचा अर्थ आहे. उकिडवे बसण्यावर येणाऱ्या मर्यादा शेतमजूर किंवा गवंड्याच्या उपजीविकेवरही परिणाम करू शकतात.

धोरणातील पोकळी

‘आयुष्मान भारत’ योजनेत प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. त्यात दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा खर्च धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील उपचार व तपासण्या त्याबाहेर राहतात. म्हणजे ज्या एमआरआयमुळे सांधा वाचू शकतो, त्याचे पैसे रुग्णाला स्वतः भरावे लागतात किंवा सरकारी रुग्णालयातील प्रतीक्षायादीत थांबावे लागते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये घातलेल्या मर्यादेच्या आदेशातही खुब्याचा समावेश नव्हता.

सदोष ‘एएसआर’ खुब्यांच्या प्रकरणाने आणखी एक उणीव उघड केली. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीने २०१० मध्ये हे खुबे जगभरातून परत मागवले. तोवर भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातील अनेक रुग्णांचा पुढे माग लागला नाही. प्रत्येक रोपणाची सक्तीची राष्ट्रीय नोंदणी असती, तर हा शोध सोपा झाला असता.

स्टेरॉइड घेतलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या तरुणाने जांघेतील दुखणे काही आठवडे टिकल्याचे सांगितले, तर त्याला तातडीने एमआरआयसाठी पाठवणे हा या साखळीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याचा समावेश सरकारी योजनांत होईपर्यंत विम्याचा पैसा बहुतांशी खचलेल्या सांध्यांवरच खर्च होत राहील.